गाडी स्वस्त झाली, पण लावायची कुठं? अंगणातल्या शेडचा हिशेब

‘राहत्या घरासमोर हँडल लॉक करून लावलेली दुचाकी अज्ञात चोरट्याने लंपास केली.’ हे वाक्य मी गेली पंधरा-सोळा वर्षं टाइप करतोय. गावाचं नाव बदलतं, गाडीची कंपनी बदलते, किमतीचा आकडा बदलतो. ‘राहत्या घरासमोर’ हे दोन शब्द मात्र कधी बदलत नाहीत. बातमी चार ओळींची असते आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहत नाही. ज्याची गाडी गेली त्याला मात्र सकाळी सहाला दूध डेअरीवर कशावर न्यायचं, हा प्रश्न महिनाभर पुरतो.

आज यावर लिहायचं कारण म्हणजे गेल्या सप्टेंबरात एकाच आठवड्यात घडलेल्या दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ६० हजार किंमत असलेली गाडी आधी ७६ हजार ८०० ला पडायची, ती ७० हजार ८०० ला पडू लागली. म्हणजे सरळ ६ हजारांचा फरक. दसऱ्याला शोरूमसमोर हार घातलेल्या गाड्यांची रांग आपण सगळ्यांनीच बघितली.

आणि त्याच आठवड्यात सीना नदीला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. जनावरं गेली, पिकं गेली, माती वाहून गेली. त्याच्या बातम्या झाल्या, पंचनामे झाले. पण पाणी ओसरल्यावर मी फोटो काढत फिरत होतो तेव्हा जवळजवळ प्रत्येक वस्तीवर एक चित्र सारखंच होतं. अंगणात आडवी पडलेली, हँडलपर्यंत गाळानं भरलेली मोटारसायकल, आणि तिच्याजवळ उकिडवा बसून काडीनं सायलेन्सरमधला चिखल उकरणारा माणूस.

एकीकडं गाडी स्वस्त होऊन घरात येतेय, दुसरीकडं ती ठेवायला घरात जागाच नाही. म्हणून आजचा विषय साधा आहे. मोटारसायकलसाठी अंगणात किंवा परसात शेड करायचं तर कसलं करायचं, कुठं करायचं, आणि करायच्या आधी काय बघायचं.

गाईला गोठा, कोंबडीला शेड, गाडीला?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. खेड्यात मोटारसायकल ही चैनीची वस्तू कधीच राहिलेली नाही. दूध, भाजी, पोरांची शाळा, खताची गोणी, दवाखाना, बँक, रात्रीची मोटर चालू करायला जाणं, सगळं तिच्यावर. एसटी दिवसातून दोनदा येणाऱ्या गावात गाडी बंद म्हणजे घर बंद.

तरीही गावातल्या घराचा नकाशा आखताना ती कुणी धरत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, तेही स्वयंपाकाची जागा धरून. त्यात माणसं कशीबशी मावतात, गाडी बाहेरच. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेचा शासन निर्णय फेब्रुवारी २०२१ मध्ये निघाला. त्यात दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला ७७ हजार १८८ रुपये, दहा शेळ्यांच्या शेडला ४९ हजार २८४ रुपये, कोंबड्यांच्या शेडला ४९ हजार ७६० रुपये असे आकडे ठरवून दिलेत. ते योग्यच आहे. गाडीच्या शेडलाही अनुदान द्या अशी मागणी मी करत नाही. पण घरात सत्तर-ऐंशी हजारांची वस्तू आली, तिला जागा मात्र आपली आपणच शोधायची आहे, एवढं ध्यानात ठेवलं पाहिजे.

जागा नसली की माणूस पहिल्यांदा काय करतो? गाडी गोठ्यात लावतो. मीही तेच केलं होतं. गोठ्याला पत्रा आहे, भिंत आहे, आणखी काय पाहिजे? दोन वर्षांत रिमला गंज चढला, सायलेन्सरला भोक पडलं. शेण-मूत्रातून निघणाऱ्या अमोनियाच्या वाफेनं लोखंड लवकर खातं. शिवाय गाईनं अंग घासलं की आरसा गेलाच. आणि एका सुगीत उंदरानं सीटखालची वायरिंग कुरतडली. सकाळी चावी फिरवली तर दिवाच लागेना. त्या दिवशी चाळीस लिटर दूध डेअरीची वेळ चुकल्यामुळं घरीच राहिलं. बायकोनं त्याचा खवा आटवला आणि खवा ढवळताना मला जे ऐकवलं ते इथं छापता येणार नाही.

तेव्हा ठरवलं, गाडीला वेगळी जागा करायची. मग गावात, तालुक्यात, पुराच्या गावांत वेगवेगळी शेडं बघत गेलो. त्यातून जे कळलं ते असं.

आधी शत्रू ओळखा, मग पत्रा आणा

आपण काय करतो? वेल्डिंगवाल्याकडं जातो, ‘गाडीपुरतं शेड करून दे’ म्हणतो आणि तो म्हणेल ते घेऊन येतो. चूक इथंच होते. गाडीला धोका कशाचा आहे, हे प्रत्येक घराचं वेगळं असतं.

गावठाणात, रस्त्याला लागून घर असेल तर पहिला धोका चोराचा. नदी-ओढ्याकाठच्या वस्तीवर पाण्याचा. माळावर एकटं घर असेल तर वाऱ्याचा. धान्य, कडबा, कोंबड्या जवळ असतील तर उंदराचा. ऊन तर आपल्याकडं सगळ्यांनाच आहे. एप्रिल-मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीची सीट फाटते, रबरी पाइप तडकतात, टायरला भेगा पडतात.

एकच शेड या सगळ्यांवर उपाय होत नाही. उलट एकावरचा उपाय दुसऱ्याला वाट करून देतो. चोरासाठी चारी बाजूंनी बंद केलं तर आत दमटपणा कोंडतो आणि उंदराला निवांत घर मिळतं. उन्हासाठी नुसतं छप्पर केलं तर चोराला सावलीत काम करता येतं. म्हणून कागदावर लिहा: माझ्या घरी पहिला धोका कुठला, दुसरा कुठला. त्यावरून शेड ठरवा.

चार प्रकार, चार हिशेब

पहिला प्रकार म्हणजे कव्हर किंवा घडीचा तंबू. हा सगळ्यात स्वस्त. ऊन आणि धूळ थांबते, बाकी काही थांबत नाही. एक चूक मात्र घरोघरी दिसते. ओल्या गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घालतात. आत वाफ धरते आणि गाडी उघड्यावर गंजली नसती तेवढी आत गंजते. कव्हर घालायचंच तर हवा खेळणारं कापडी घ्या, आणि गाडी सुकल्यावर घाला. तंबू तर माळावरच्या पहिल्याच वावटळीत शेजारच्या शिवारात सापडतो.

दुसरा प्रकार घराच्या भिंतीला जोडून काढलेलं एक पाखी शेड. भिंतीकडं उंच, अंगणाकडं उतरतं. माझ्या मते बहुतेक घरांना हेच योग्य. एक बाजू घराची तयार मिळते, वारा कमी लागतो, पत्रा कमी लागतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, गाडी माणसाच्या झोपण्याच्या जागेजवळ येते. साखळीचा आवाज झाला तर भिंतीपलीकडं कुणीतरी जागं होतं. परसाच्या टोकाला, बाभळीखाली बांधलेलं मजबूत शेड आणि खिडकीखालचं साधं शेड, यातलं चोराला कुठलं आवडेल ते तुम्हीच सांगा.

तिसरा प्रकार चार खांबांचं मोकळं शेड. ट्रॅक्टर, गाडी, फवारणीचा पंप सगळं एकत्र ठेवणाऱ्यांना सोयीचं. हवा खेळती राहते, गंज कमी. पण चोरापासून राखण शून्य, आणि वाऱ्यात उडायची भीती जास्त. खालून शिरलेला वारा पत्रा वर उचलतो. वादळानंतर पत्रे उडाल्याच्या ज्या बातम्या आम्ही देतो त्यात मोकळी शेडं कायम असतात.

चौथा प्रकार कुलपाची बंद खोली, पत्र्याची किंवा विटांची. दोन गाड्या, महागाची गाडी, किंवा घर वरचेवर बंद राहत असेल तर हीच पाहिजे. खर्च जास्त. यात छताखाली समोरासमोर दोन बाजूंना जाळीचे झरोके ठेवा. पेट्रोलची वाफ आत कोंडू देऊ नका. जाळी बारीक छिद्रांची लोखंडी लावा, उंदीर प्लास्टिकची जाळी एका रात्रीत कातरतो. दाराखाली फट अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको.

बाजारात तयार केबिनही मिळते. उचलून नेता येते हा तिचा गुण, आणि जमिनीला पक्की केली नाही तर तोच दोष. पुराच्या पाण्यात रिकामी केबिन होडीसारखी तरंगते.

माप: गाडीचं नव्हे, वापराचं घ्या

आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसणारी शंभर सीसीची गाडी साधारण दोन मीटर लांब, हँडलजवळ पाऊण मीटरच्या आत रुंद आणि एक मीटरपेक्षा थोडी उंच असते. फुटात सांगायचं तर साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद. हे माप धरून कुणी सात बाय तीनचं शेड केलं तर गाडी आत जाईल, पण माणूस बाहेर येणार नाही. साइड स्टँडवर गाडी एका अंगाला कलते. माणसाला उतरायला, गाडी मागं ओढायला जागा लागते.

म्हणून एका गाडीला आतून आठ बाय पाच फूट हे कमीत कमी. दुधाच्या कॅनचं कॅरिअर कायम लावलेलं असेल तर आठ बाय सहा. दोन गाड्यांना आठ बाय आठ. दार साडेतीन फुटांपेक्षा कमी नको, कॅरिअर असेल तर चार फूट. उंची उतरत्या बाजूला सात फूट ठेवा. साडेपाच फुटांवर पत्रा ठेवून दोनशे रुपये वाचवले आणि आयुष्यभर कपाळावर टेंगूळ, असं करू नका.

आता मालाचा अंदाज. आठ बाय सहाच्या एक पाखी शेडला आठ फुटी तीन पत्रे पुरतात, पुढं फूटभर वळचण धरून. सांगाड्याला दीड इंची चौकोनी पाइप, दोन मिलिमीटर जाडीचा. खांब दीड फूट जमिनीत गाडायचे धरले तर वीस फुटी पाच नग लागतात. या पाइपचा एक नग साधारण चौदा-साडेचौदा किलो भरतो, म्हणजे एकूण सत्तर-पंचाहत्तर किलो. हे आकडे खिशात ठेवून वेल्डिंगवाल्याकडं जा. दर किलोवर ठरला असेल तर पाइप तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा. चौरस फुटावर ठरला असेल तर पाइपची जाडी आधी ठरवून घ्या, कारण चौरस फुटाच्या कामात पातळ पाइप वापरला की फायदा त्याचा होतो. नग अकरा-बारा किलोच भरला तर पाइप दोन मिलिमीटरचा नाही, हे उघड आहे.

जीएसटीचा फायदा इथं किती? २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरचा करही २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळं पायाला थोडा हातभार लागेल. पत्रा आणि पाइपवर मात्र आधीही १८ टक्केच होता, आताही तोच आहे. ‘जीएसटी उतरला, पत्रा स्वस्त देतो’ असं कुणी सांगितलं तर हसून पुढच्या दुकानात जा.

खर्च खाली करा, वर नको

लोक पैसे रंगीत पत्र्यावर घालतात आणि खाली मुरूम टाकून सोडतात. खरं काम खाली आहे. गाडीवर वाचलेले ६ हजार घालायचेच असतील तर ते जमिनीत घाला.

एक, ओटा. शेडची जमीन अंगणापेक्षा किमान सहा इंच उंच घ्या, वर कोबा, आणि पुढं गाडी चढायला उतार. मातीच्या जमिनीवर साइड स्टँड पावसाळ्यात रुततो आणि गाडी आडवी होते. नदीकाठी असाल तर मागच्या पुराचं पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं ती खूण बघा. गुडघाभर असेल तर ओटा उंच करून भागेल. कमरेच्या वर असेल तर कुठलंच शेड उपयोगाचं नाही. तिथं शेडपेक्षा गाडी कुठल्या उंच जागी न्यायची हे आधी ठरवलेलं बरं.

दोन, कडी. कोबा ओला असतानाच त्यात बारा मिलिमीटरची सळई उलट्या ‘यू’ सारखी वाकवून पुरा, टोकं आत आडवी वाकवून. मागच्या चाकातून आणि चेसिसमधून साखळी घालून या कडीला कुलूप. हँडल लॉकवर विसंबून राहू नका. सव्वाशे किलोच्या आतली गाडी दोन माणसं उचलून टेम्पोत ठेवतात, त्यांना चावी लागत नाही. सगळ्या शेडमध्ये मला सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी वाटलेली गोष्ट ही एक कडी आहे.

तीन, खांब. नुसता खड्डा करून दगड ठासू नका, काँक्रीट घाला. गाडायच्या भागाला आधी दोन हात लाल रंग मारा, पाइपच्या खालच्या तोंडाला टोपी मारा, नाहीतर आतून पाणी धरून तो जमिनीच्या पातळीवर सडतो आणि एका वादळात तिथंच मोडतो. पत्र्याला जे-हुक किंवा स्क्रू वॉशरसह आणि पत्र्याच्या उंचवट्यावर मारा. खोलगट भागात मारला तर पहिल्याच पावसात गळती.

विजेची गाडी असेल तर आणखी एक काम. शेडमध्ये चार्जिंगचा पॉइंट वेगळा, अर्थिंगसह, एमसीबी आणि आरसीसीबी लावून घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये वायर सैल लोंबकळत ठेवणं म्हणजे सगळ्या शेडमध्ये करंट उतरवण्याची तयारी. पाण्याच्या मोटरची जोडलेली वायर, त्याला चिकटपट्टी आणि त्यावर चार्जर, हे चित्र मी बघितलंय. तसं करू नका. आणि गाडी पेट्रोलची असो की विजेची, त्याच शेडमध्ये कडबा, गोणपाट आणि पेट्रोलचा डबा ठेवू नका.

पत्र्याचं पाणी आणि भाऊबंदकी

आता ज्याच्यावर कुणी बोलत नाही पण भांडणं मात्र सगळी ज्याच्यावरून होतात, तो भाग. शेड कुणाच्या जागेत आहे?

गावठाणात बांधकाम करायला ग्रामपंचायतीची परवानगी लागते, ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ५२ तेच सांगतं. ‘नुसता पत्रा तर आहे’ म्हणून लोक विचारत नाहीत. निदान ग्रामसेवकाला भेटून, नमुना आठ काढून, आपली हद्द कुठं संपते ते बघा. शेड पुढं सरकून रस्त्यावर आलं तर कलम ५३ खाली ते अतिक्रमण ठरतं आणि काढावं लागतं.

ज्यांना निवडणूक लढवायचीय त्यांनी तर जास्तच जपावं. याच कायद्याच्या कलम १४ मधल्या ज-३ पोटकलमाप्रमाणं सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. घरच्या माणसानं केलेलं अतिक्रमणही सदस्याच्या अंगाशी येऊ शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. विरोधक टेप घेऊन कधी येईल सांगता येत नाही. दोन फूट पत्र्यापायी पाच वर्षांची सदस्यकी घालवू नका.

वाटणी न झालेल्या वाड्यात किंवा सामाईक अंगणात शेड करायचं असेल तर भावाला आधी विचारा, शेड उभं राहिल्यावर नाही. अशा ठिकाणी काँक्रीटात गाडलेल्या खांबापेक्षा ओट्यावर प्लेट ठेवून नट-बोल्टनं कसलेलं शेड बरं. उद्या वाटणी झाली तर उचलून नेता येतं, आणि आज भावालाही वाटत नाही की यानं जागा दाबली.

आणि उतार. पत्र्याच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर पडता कामा नयेत. उतार आपल्याच अंगणाकडं ठेवा, नाहीतर पन्हळ लावा. आमच्या गावात दोन घरं पत्र्याच्या पाण्यावरून सात वर्षं बोलत नाहीत. त्यातल्या एका घरच्या लग्नाची पत्रिका दुसऱ्या घरी गेली नाही. पन्हळीला तेव्हा पाच-सातशे रुपये लागले असते.

शेड मोडलं, गाडी गेली, मग?

शेड कितीही चांगलं केलं तरी गाडी जाऊ शकते, बुडू शकते. म्हणून विम्याचं बोललंच पाहिजे. पुराच्या गावांत मी ज्यांना विचारलं त्यातले बरेच जण म्हणाले, ‘विमा आहे की, पाच वर्षांचा.’ कागद बघितला तर थर्ड पार्टी. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. पण तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. आपली गाडी चोरीला गेली, पुरात बुडाली, शेडसकट जळाली, तर त्यातून एक रुपया मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा लागतो आणि तो बहुतेकांचा पहिल्या वर्षानंतर सुटलेला असतो.

तो घेतला तरी भरपाई जुन्या किमतीवर मिळते. रूढ कोष्टकाप्रमाणं दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घसारा धरला जातो. म्हणून तीन-चार वर्षांच्या आतली गाडी असेल तर हा विमा चुकवू नका. गाडी दहा वर्षांची असेल तर तोच पैसा ओट्यात आणि कडीत गेलेला बरा.

चोरी झाली तर त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद द्या, दोन्ही चाव्या जपून ठेवा, विमा कंपनीला लगेच कळवा. फिर्याद वेळेत असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये म्हटलंय. हे लक्षात असू द्या.

कायद्यातही एक फरक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला, कलम ३०३ प्रमाणं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. राहत्या घरातून किंवा मालमत्ता ठेवायच्या इमारतीतून चोरी झाली तर कलम ३०५ लागतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. कुठलं कलम लागेल हे प्रत्येक गुन्ह्याच्या तपशिलावर ठरतं. पण कुलूप तोडून बंद खोलीतून गाडी नेली असेल तर फिर्यादीत तसं स्पष्ट लिहून घ्या. घाईत ‘घरासमोरून’ एवढंच लिहिलं जातं.

आणि गाडी पाण्यात बुडाली असेल तर एक गोष्ट अजिबात करू नका: किक मारून बघू नका. इंजिनात पाणी असताना किक किंवा बटन मारलं तर आतली मोडतोड होते आणि विमावालेही मग ‘हे पुरानं नाही, तुम्ही केलं’ म्हणतात. आधी फोटो काढा, गाडी ढकलत मेकॅनिककडं न्या, प्लग काढून, ऑइल बदलून मगच चालू करू द्या.

गावानं करायच्या दोन गोष्टी

सगळं एकट्या घरावर टाकून चालणार नाही. नवीन घरकुलांची आखणी करताना घराच्या एका कडेला आठ बाय सहाची जागा मोकळी सोडायला कुणाचा एक रुपयाही लागत नाही. घर बांधून झाल्यावर ती जागा कुठूनच येत नाही. गवंडी आणि मालक, दोघांनी ओळंबा धरायच्या आधी हे बोलून घ्यावं.

दुसरं, नदीकाठच्या गावांनी पावसाळ्याच्या आधीच्या ग्रामसभेत एक उंच जागा ठरवावी. शाळेचं पटांगण असो, माळ असो, मंदिराचा ओटा असो. पाणी सोडल्याची सूचना आली की जनावरं आणि गाड्या तिथं. सप्टेंबरात लोकांनी जनावरं सोडवली, माणसं काढली, ते बरोबरच होतं. पण जिथं दोन तास हाताशी होते तिथंही गाड्या बुडाल्या, कारण न्यायच्या कुठं हेच ठरलेलं नव्हतं.

माझ्या गाडीचं शेड मागच्या महिन्यात झालं. खिडकीखाली, आठ बाय सहा, एक पाखी, तीन पत्रे, नऊ इंच ओटा, मध्ये कडी. पाइप काट्यावर ठेवायला सांगितला तेव्हा वेल्डिंगवाला जरा नाराज झाला, पण चहा पिऊन गेला. उतार आमच्या अंगणाकडं आहे. कडबा अजून गोठ्यातच आहे. बायको म्हणाली, गाडीला घर झालं, आता चुलीवर पत्रा कधी? तिचंही माप घेऊन ठेवलंय.